गीतकर्त्रीच्या दोन थैल्या

अध्यक्षपदाची मुदत संपण्यास काही तास उरले असताना, २० जानेवारी २००१ रोजी, बिल क्लिंटन यांनी मार्क रिच या फरारी तेलव्यापाऱ्यास माफी दिली. करचुकवेगिरी आणि अमेरिकन नागरिक इराणात ओलीस असताना त्या देशाशी व्यापार, असे आरोप त्याच्यावर १९८३ साली ठेवण्यात आले होते. खटल्यास तोंड न देता तो स्वित्झर्लंडमध्ये राहिला. माफीसाठी रदबदली करणाऱ्यांत त्याच्यापासून विभक्त झालेल्या पत्नी डेनिस रिच यांचेही पत्र होते, आणि सारा गदारोळ उठला तो या पत्रामुळे.

डेनिसबाई गीतकार. 'सिस्टर स्लेज' या गायिकांनी गायिलेले त्यांचे 'फ्रँकी' हे गीत १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये चार आठवडे अग्रस्थानी होते. नवऱ्याच्या संपत्तीने गाणे ध्वनिमुद्रित करता येते, लोकांच्या ओठी बसविता येत नाही. तेव्हा हे यश त्यांचे स्वतःचेच मानले पाहिजे. १९९६ साली त्यांची सत्तावीस वर्षांची कन्या गॅब्रिएल रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिच्या नावे त्यांनी संशोधनास साहाय्य करणारी संस्था काढली. त्या दातृत्वावर शंका घेणे क्षुद्रपणाचे होईल.

परंतु दुसरीही थैली होती. डेमोक्रॅटिक पक्षास दहा लाख डॉलरांहून अधिक आणि क्लिंटन यांच्या नियोजित ग्रंथालयास साडेचार लाख. पक्षाच्या देणग्या कायद्याने जाहीर कराव्या लागतात. ग्रंथालयाच्या देणगीदारांची नावे जाहीर करण्याचे मात्र बंधन नव्हते. शिवाय दोन्ही थैल्यांची माणसे तीच. नोव्हेंबर २००० मध्ये कन्येच्या स्मृत्यर्थ झालेल्या समारंभास खुद्द क्लिंटन उपस्थित होते. संसदीय समितीपुढे साक्षीस बोलावले तेव्हा बाईंनी मौनाचा घटनादत्त हक्क सांगितला.

देणगी घेऊन माफी दिली हे कधीही सिद्ध झाले नाही. प्रदीर्घ चौकशीनंतर कोणावरही खटला भरला गेला नाही. आमच्या मते प्रश्न लाचेचा नाहीच. माफीचे अर्ज न्यायखात्यातील ठराविक टेबलांवरून सरकत जातात. रिच यांचे प्रकरण त्या रांगेत उभे न राहता थेट वरच्या दालनात पोहोचले. वर्षानुवर्षे निकालाची वाट पाहणाऱ्या सामान्य कैद्याच्या बाजूने असे पत्र कोण लिहिणार? आणि लिहिले तरी ते वाचणार कोण? ओळख हीच जिथे नाणे होते, तिथे प्रत्यक्ष व्यवहार करण्याची गरजच उरत नाही. या माफीने आपल्या लौकिकाची जी हानी झाली, ती पाहता ती देणे फायद्याचे नव्हते, अशी कबुली क्लिंटन यांनी पुढे स्वतःच दिली.

मौज अशी, की माफी मिळूनही मार्क रिच अमेरिकेत परतला नाही. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमध्येच त्याचे निधन झाले. डेनिसबाईंनी त्याआधीच, २०११ मध्ये, अमेरिकन नागरिकत्व सोडले होते.