आधी पोलाद, मग रूळ
ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग : भाग सातवा

मागच्या आठवड्यात आपण ‘पोलाद’ हा बेस क्लास आणि त्यातून काढलेला ‘रूळ’ हा क्लास लिहून ठेवला. पोलादाकडे हीट नंबर आणि ग्रेड, रुळाकडे त्याशिवाय सेक्शन आणि लांबी. आता प्रश्न असा, की नवा रूळ तयार होताना त्यातला पोलादाचा भाग कोण भरतं आणि केव्हा?

भिलाईच्या वैशाली नगरात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना हे उदाहरण लगेच कळतं. कुणाचे वडील, कुणाचे काका पोलादाच्या प्लांटमध्ये असतात. भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस १९५९ साली सुरू झाली. तेव्हापासून यंत्रं बदलली, पण क्रम बदलला नाही. मेल्टिंग शॉपमध्ये एका वेळी जेवढं पोलाद तयार होतं ती एक हीट. तिला नंबर मिळतो, तिचं रसायन तपासलं जातं. रेल मिलचं काम त्यानंतरचं. तिथे मीटरला ६० किलो वजनाचा, १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो. रुळावर हीट नंबर उमटवलेला असतो, पण तो रेल मिल ठरवत नाही.

रूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरनेही हेच पाळायचं असतं. हीट नंबर हे पोलादाचं खाजगी फील्ड आहे, त्याला रुळाने परस्पर हात लावायचा नाही. मिळालेली हीट आणि ग्रेड बेस क्लासच्या कन्स्ट्रक्टरकडे सोपवायची, त्याचं काम पुरं झालं की मग आपली लांबी भरायची. जावामध्ये हे ‘सुपर’ने होतं, सी शार्पमध्ये ‘बेस’ने. सी प्लस प्लसमध्ये कन्स्ट्रक्टरच्या अंगाआधी, विसर्गचिन्हानंतर बेस क्लासचं नाव लिहायचं. नवशिकी मुलं तेच नाव आत, महिरपी कंसात लिहितात. ‘पोलाद’ला रिकामा कन्स्ट्रक्टरही असेल, तर तिथे त्याचा वेगळाच तात्पुरता ऑब्जेक्ट तयार होतो आणि लगेच नष्ट होतो, आपल्या रुळाला त्यातलं काहीच मिळत नाही.

जावामध्ये ‘सुपर’ लिहिलंच नाही तर कंपायलर स्वतः रिकामं ‘सुपर’ घालतो. पण पोलादाच्या एकमेव कन्स्ट्रक्टरला हीट आणि ग्रेड लागतात, म्हणून प्रोग्राम कंपाइलच होत नाही. मुलं या एररवर चिडतात. मला मात्र ती फार मोलाची वाटते, कारण हीट नंबर नसलेला रूळ ती जन्मालाच येऊ देत नाही. पायथन इतका कडक नाही. रुळाने स्वतःचा ‘इनिट’ लिहिला आणि त्यातून पोलादाचा बोलावला नाही, तर ऑब्जेक्ट निमूटपणे तयार होतो आणि चूक पुढे कुठेतरी, हीट नंबर वाचताना उघडी पडते.

खरी अडचण मात्र ‘सुपर’ बरोबर लिहूनही येते. समजा, पोलादाच्या कन्स्ट्रक्टरने शेवटी ‘लेबल छाप’ ही मेथड बोलावली आणि रूळ क्लासने ती ओव्हरराइड करून लांबीही छापायची ठरवली. जावामध्ये रुळाचीच मेथड चालते. पण त्या क्षणी रुळाची लांबी भरायची वेळच आलेली नाही, म्हणून लेबलवर १३० ऐवजी ० छापलं जातं. एरर नाही, इशारा नाही. सी प्लस प्लसमध्ये वेगळंच घडतं: पोलादाचा कन्स्ट्रक्टर चालू असेपर्यंत तो ऑब्जेक्ट निव्वळ पोलाद मानला जातो, म्हणून पोलादाचीच मेथड चालते आणि लांबी छापलीच जात नाही. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं, कारण अर्धवट रुळाला तिथे कुणी रूळ म्हणत नाही. भाषा कुठलीही असो, ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड कन्स्ट्रक्टरमधून बोलावू नका.

जावाने यावर अलीकडे एक वाट काढली आहे. ‘सुपर’ ही कन्स्ट्रक्टरमधली पहिलीच ओळ असली पाहिजे, हा नियम सुरुवातीपासून होता. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ मध्ये तो सैल झाला. आता ‘सुपर’आधी आलेल्या किमती तपासता येतात, स्वतःची फील्डही भरता येतात. लांबी आधी भरून मग ‘सुपर’ बोलावलं, तर वरच्या लेबलवर १३० छापून येतं. मात्र तोवर पोलादाच्या फील्डांना हात लावायला किंवा स्वतःची मेथड बोलवायला मनाई आहेच.

पुढच्या आठवड्यात सी प्लस प्लसचे डिस्ट्रक्टर बघू. तिथे क्रम उलटा असतो, आधी रूळ मोडतो आणि मग पोलाद. तोवर लेबलचा प्रयोग जावा आणि सी प्लस प्लस, दोन्हींत स्वतः टाइप करून चालवून पाहा.