पानं वाचा, झाड वाचवा!

नर्सरीतून हौसेनं आणलेलं कागदी लिंबाचं झाड. दोन महिने मस्त हिरवंगार. मग एका सोमवारी ऑफिसला निघताना लक्ष जातं, पानं पिवळी! टेन्शनमध्ये हाताला लागेल ते खत कुंडीत पडतं, वर दोन तांबे पाणी जास्तच. बाल्कनीतली कितीतरी झाडं उपासमारीनं नाही, अशा लाडानं मरतात.

तेव्हा थांबा. आधी मातीत बोट घाला. दोन पेरं खालीही चिकट ओल लागतेय? मग पाणी बंद, ताटलीत साचलेलं ओतून टाका. गुदमरलेली मुळं खत घेऊच शकत नाहीत.

पाणी ठीक आहे? आता बघा, पिवळी पानं जुनी आहेत की शेंड्याची कोवळी. सगळा फंडा इथेच आहे. नायट्रोजन आणि मॅग्नेशियम कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. लोह आणि झिंक मात्र सहजासहजी जागा सोडत नाहीत, म्हणून त्यांची चणचण कोवळ्या पानांवर दिसते.

जुनी पानं सरसकट फिकट पिवळी : नायट्रोजन कमी. दोन मुठी गांडूळखत घाला.

जुनी पानं कडेनं पिवळी, देठाजवळ हिरवा त्रिकोण : मॅग्नेशियम. लिटरभर पाण्यात छोटा चमचा एप्सम सॉल्ट, संध्याकाळी फवारा.

कोवळं पान पिवळं, शिरांची जाळी हिरवी : लोह.

कोवळी पानं बारीक, अरुंद, शिरांमध्ये पिवळे डाग : झिंक. पाकिटावरच्या मापानंच सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी करा.

लोहाची गोष्ट जरा वेगळी. ते बहुतेक मातीत असतंच, पण चुना वाढला की मुळांना मिळत नाही. विदर्भातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत संत्र्याच्या बागांनाही हा त्रास होतो. तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर जमतोय? मग नुसत्या शेणखतानं भागणार नाही. चिलेटेड लोह आणा आणि पावसाचं पाणी साठवता आलं तर तेच घाला.

आणि हो, खालची एक-दोन पानं अधूनमधून पिवळी होऊन गळणं नॉर्मल आहे. एका वेळी एकच उपाय करा. पिवळ्या पानांकडे रोज बघत बसू नका, निकाल नव्या पालवीवर लागतो. ती हिरवी फुटली की समजा, झाड सुटलं!