पेशीच्या आतला निरोप

पायात काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ठणका लागतो, सूज येते. आपण काट्याला दोष देतो. पण सूज आणतात ती आपलीच प्रथिने.

जंतूचा अंश पेशीवरील 'टोल' जातीच्या प्रथिनाला चिकटला की आतून मायडी-८८ जवळ येते. त्याच्याकडून निरोप इराक-४ ला, पुढे ट्राफ-६ ला. (नावे आम्ही तीनच देतो, साखळी लांब आहे.) एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन एरवी जखडलेले असते. निरोप पोचताच त्याच्या पहारेकऱ्यावर फॉस्फेटची खूण बसते, पहारेकरी नष्ट होतो आणि सुटलेले प्रथिन केंद्रकात शिरून दाहाची जनुके चालू करते.

टोलचे हे काम १९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीवर उघड झाले. टोल बिघडलेल्या माश्या बुरशीने मरत. २०११ साली त्यांना नोबेल मिळाले.

माणसात दुवा तुटला तर? जन्मतः इराक-४ नसलेली मुले २००३ साली, मायडी-८८ नसलेली २००८ साली आढळली. न्यूमोनियाचा जंतू त्यांच्या जिवावर उठतो, आणि ताप-सूज मात्र सुरुवातीला फारशी दिसत नाही. म्हणून डॉक्टर तापाची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करतात. किशोरवयापर्यंत मूल जपले, तर पुढे धोका पुष्कळच कमी होतो.