लॉस एंजेलिसची पाच सुवर्णे आणि चीनचा वाटा

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनची पाच सुवर्णपदके पणाला लागतील. त्यांतली चीनला किती मिळतील, हे जागतिक क्रमवारी पाहून सांगण्याचा प्रघात आहे आणि तो वारंवार तोंडघशी पाडतो. २००४ साली अथेन्समध्ये अग्रमानांकित लिन डान पहिल्याच सामन्यात सिंगापूरच्या रोनाल्ड सुसिलोकडून हरला. २०२४ साली पॅरिसमध्ये क्रमवारीत अव्वल असलेला शी युकी उपांत्यपूर्व फेरीत थायलंडच्या कुनलावुत वितिदसर्नकडून १२-२१, १०-२१ असा पराभूत झाला. क्रमवारीत वर्षभराचे सातत्य दिसते. एका दुपारी काय होईल ते दिसत नाही.

इतिहासाचे आकडे अधिक भरवशाचे आहेत. १९९२च्या बार्सिलोनापासून पॅरिसपर्यंत बॅडमिंटनची ४४ सुवर्णपदके दिली गेली आणि त्यांतली बरोबर निम्मी, म्हणजे २२, चीनने नेली. महिला दुहेरीत ६, महिला एकेरी आणि मिश्र दुहेरीत प्रत्येकी ५, पुरुष एकेरीत ४ आणि पुरुष दुहेरीत अवघी २. २०१२ साली लंडनमध्ये पाचही सुवर्णे चीनचीच होती. त्यानंतर रिओ, टोकियो आणि पॅरिस या तिन्ही ठिकाणी मात्र प्रत्येकी दोनच. ही घसरण का झाली हे कळल्याखेरीज पुढचा अंदाज बांधता येत नाही.

पहिले कारण नियमांचे आहे. सिडनीत २०००मध्ये महिला दुहेरीची तिन्ही पदके चिनी जोड्यांनी घेतली होती. आता एका देशाला एका प्रकारात जास्तीत जास्त दोन प्रवेशिका मिळतात, त्याही क्रमवारीची अट पाळून. त्यामुळे १५ पदकांपैकी १० ही चीनची कमाल मर्यादा ठरते. संख्याबळ असताना त्याचा वापर कसा होई, हे अथेन्सच्या महिला एकेरीत दिसले. उपांत्य सामना झोऊ मी आणि झांग निंग या दोन चिनी खेळाडूंत होता. झोऊ मीने तो झांग निंगला सोडावा असे ठरले होते, याची कबुली मुख्य प्रशिक्षक ली योंगबो यांनी २००८मध्ये दिली. झांग निंगने सुवर्ण जिंकले, पुढे बीजिंगमध्ये ते राखलेही. पण झोऊ मीची संधी हिरावली गेली ती गेलीच. देशाच्या खात्यात पदक पडले म्हणून हा अन्याय लहान होत नाही.

लंडनमध्ये याच वृत्तीने टोक गाठले. तेथे दुहेरीत प्रथमच गटसाखळी ठेवली होती. तियान किंग आणि झाओ युनलेई ही चिनी जोडी डेन्मार्ककडून हरून गटात दुसरी आली. तिच्याशी अंतिम फेरीपूर्वी गाठ पडू नये म्हणून ३१ जुलैला वांग शियाओली आणि यू यांग यांनी सर्व्हिस मुद्दाम जाळ्यात मारायला सुरुवात केली. समोरच्या कोरियन जोडीनेही तेच केले. पुढच्या सामन्यातही हाच प्रकार घडला आणि चार जोड्या, म्हणजे आठ खेळाडू, स्पर्धेबाहेर काढल्या गेल्या. त्यांत इंडोनेशियाची ग्रेसिया पोली होती. टोकियोत ती अप्रियानी राहायूसोबत परतली आणि अंतिम सामन्यात चेन किंगचेन व जिया यिफान या चिनी जोडीला हरवून सुवर्ण घेऊन गेली.

दुसरे कारण अधिक खोल आहे आणि ते इंडोनेशियाशीच जोडलेले आहे. चिनी बॅडमिंटनची घडण चीनमध्ये सुरू झाली नाही. १९५४मध्ये वांग वेनजियाव आणि चेन फूशौ हे इंडोनेशियात वाढलेले खेळाडू चीनमध्ये आले आणि त्यांनी संघाचा पाया घातला. त्यांच्यानंतर तांग शियानहू आणि होउ जियाचांग आले. दोघांचाही जन्म इंडोनेशियातला, १९४२चा.

तांग यांची कहाणी या खेळाच्या इतिहासात सर्वांत कमी सांगितली गेलेली आहे. १९६५च्या युरोप दौऱ्यात त्यांनी डेन्मार्कचा दिग्गज एर्लांड कोप्स याला एका गेममध्ये एकही गुण घेऊ दिला नाही. तरीही त्यांच्या नावावर ना ऑल इंग्लंड आहे ना थॉमस चषक, कारण चीन तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाबाहेर होता आणि १९८१मध्ये आत येईपर्यंत तांग यांचे खेळण्याचे वय सरले होते. पुढच्याच वर्षी चीनने पदार्पणात थॉमस चषक जिंकला, तोही अंतिम सामन्यात इंडोनेशियाला ५-४ असे हरवून.

मग तांग प्रशिक्षक म्हणून जन्मभूमीला परतले. तेथे ते तोंग सिन फू या नावाने ओळखले जात. ॲलन बुडीकुसुमा, आर्डी विरानाता, हारियांतो आरबी, हेंद्रावान हे त्यांच्या हाताखाली घडले. बार्सिलोनात बॅडमिंटन प्रथमच अधिकृत ऑलिंपिक खेळ झाला. पुरुष एकेरीचा अंतिम सामना बुडीकुसुमा आणि विरानाता यांच्यात रंगला आणि चीन एकाही सुवर्णाविना परतला. ज्या देशाला हे यश दिले, त्याने तांग यांना नागरिकत्व मात्र दिले नाही. १९९८मध्ये, चिनी वंशाच्या लोकांवर दंगलींचा घाला पडला त्या वर्षी, ते चीनला परतले. दोनच वर्षांनी सिडनीच्या अंतिम सामन्यात चीनच्या जी शिनपेंगने हेंद्रावानला हरवले. पुढे लिन डान आणि फू हाइफेंग-काय युन ही जोडी तांग यांच्या मार्गदर्शनाखाली खेळली, तर हेंद्रावान मलेशियात जाऊन ली चाँग वेईचा प्रशिक्षक झाला. एका माणसाच्या स्थलांतराने दोन देशांचे पदकांचे पारडे हलले. असे कौशल्य कोणत्याही एका देशात कोंडून राहत नाही. पार्क जू-बोंग या कोरियन प्रशिक्षकाने जपानचा संघ घडवला, तेही याच जातीचे होते.

एकेरीत हा प्रसार सर्वाधिक जाणवतो, कारण तेथे एक असामान्य खेळाडू आणि एक चांगला प्रशिक्षक पुरतो. महिला आणि मिश्र दुहेरीत मात्र अनेक तुल्यबळ खेळाडू एकत्र ठेवून जोड्या मोडाव्या-जुळवाव्या लागतात. अशा खेळाडूंचा साठा चीनइतका मोठा कोणाकडेच नाही.

२०२५ची जागतिक स्पर्धा याला दुजोरा देते. चीनने पाचही अंतिम फेऱ्या गाठल्या आणि दोन जिंकल्या. महिला दुहेरीत लिउ शेंगशू आणि तान निंग विजेत्या ठरल्या. पॅरिसच्या या रौप्यविजेत्या २०२८मध्येही पंचविशीच्या आसपास असतील, म्हणून चीनचे सर्वांत खात्रीचे सुवर्ण येथेच मानावे. मिश्र दुहेरीत झेंग सिवेई निवृत्त झाला असला, तरी जियांग झेनबांग-वेई याशिन आणि फेंग यांझे-हुआंग डाँगपिंग या दोन जोड्या आहेत. जियांग-वेई त्या स्पर्धेत मलेशियाच्या चेन तांग जी-तोह ई वेईकडून हरले, तरी दोन पदके येथे शक्य आहेत आणि एक सुवर्णही धरता येते.

महिला एकेरीत कोरियाची आन से-यंग तंदुरुस्त राहिली, तर चीनने रौप्याच्या पलीकडे पाहू नये. वांग झीयी २०२५च्या अंतिम सामन्यांत तिच्याकडून पुन्हा पुन्हा हरली आहे. चेन युफेई तेव्हा तीस वर्षांची असेल. झांग निंगने तेहतिसाव्या वर्षी सुवर्ण जिंकले होते, पण ते अपवादच. पुरुष एकेरीत शी युकी २०२५चा जगज्जेता असला तरी तोही बत्तीस वर्षांचा असेल.

उरते पुरुष दुहेरी. पॅरिसच्या अंतिम सामन्यात लियांग वेइकेंग आणि वांग चांग तैवानच्या जोडीकडून तिसऱ्या गेममध्ये १९-२१ असे हरले. २०२५मध्ये चेन बोयांग आणि लिउ यी यांनी उपांत्य फेरीत मुंबईचा चिराग शेट्टी व सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांना हरवले, पण किम वोन-हो आणि सेओ सेउंग-जे या कोरियन जोडीपुढे त्यांचे चालले नाही. एकूण सहा पदके आणि दोन सुवर्णे हा वाजवी अंदाज आहे; तिसरे आलेच तर ते पुरुष दुहेरीतून येण्याची शक्यता पुरुष एकेरीपेक्षा थोडी जास्त आहे.