चाचणीचे विंडोज : आधी पडताळा, मग बसवा

घरात संगणक आला म्हणजे मुलांची गुणपत्रके, शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, फोटो सारे त्यातच साठू लागते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार संपविला आणि जुने संगणक वापरणारी कुटुंबे अडचणीत आली. अशा वेळी “नवे विंडोज फुकट टाकून देतो” म्हणणारा कोणीतरी भेटतोच.

फुकट मिळणारी एक आवृत्ती खरोखर आहे. तिला ‘प्रिव्ह्यू’ म्हणतात. सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या इनसायडर योजनेत नाव नोंदविणाऱ्यास ती मिळते. परंतु ती चाचणीसाठी असते, तिला मुदत असते. कच्च्या हिशेबावर आपण सही करतो काय? मग घरातल्या एकुलत्या एका संगणकावर कच्ची आवृत्ती का बसवावी?

ज्यांच्याकडे दुसरा, रिकामा संगणक आहे त्यांनी जरूर शिकावे. मात्र फाइल कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. विंडोज ११ ची चाचणी सुरू झाली तेव्हा, जुलै २०२१ मध्ये, त्याच नावाच्या बनावट फाइली फिरत असल्याचा इशारा कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने दिला होता. त्यातली एक पावणेदोन जीबीची होती. आकार मोठा म्हणून माल खरा, असे नसते!

फाइलसोबत बहुधा ‘एसएचए-२५६’ नावाची ६४ अंक-अक्षरांची खूण दिलेली असते. विंडोजमधील ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने आपल्याकडील फाइलची खूण काढून ती जुळवावी. कीर्द आणि खतावणी जुळवितो तसेच हे काम. एक अक्षर जरी चुकले तरी ती फाइल बाद समजावी. बसविल्यानंतर ‘विनव्हर’ ही आज्ञा द्यावी. आवृत्तीचा क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख समोर येते.

आवाज बंद पडला, प्रिंटर चालेना, तर प्रथम ड्रायव्हर तपासावा. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये बिघडलेल्या भागापुढे पिवळी खूण दिसते. संगणक नीट सुरूच होत नसेल तर ‘सेफ मोड’ने उघडून पाहावा. जुन्या विंडोजवरच नवे चढविले असेल तर साधारण १० दिवसांपर्यंत मागे परतता येते. त्यानंतर सारे पुसून नव्याने बसविण्यावाचून उपाय नाही. म्हणून कागदपत्रांची प्रत आधीच वेगळ्या पेनड्राइव्हवर काढलेली हवी.

ही भीती उगाच नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० ची नवी सुधारणा बाहेर पडली आणि काही लोकांच्या ‘डॉक्युमेंट्स’मधील फाइलीच नाहीशा झाल्या. चारच दिवसांत ती मागे घ्यावी लागली. पुन्हा आली ती १३ नोव्हेंबरला. विशेष म्हणजे चाचणी करणाऱ्या काहींनी हा दोष आधीच कळविला होता. पण तक्रारी थोड्या म्हणून त्या ढिगात दबून गेल्या. पुढे कंपनीने तक्रारीसोबत नुकसान किती गंभीर आहे हे नोंदविण्याची सोय केली.

तेव्हा दोष आढळला तर नुसते चरफडू नका. विंडोजची कळ आणि ‘एफ’ एकत्र दाबा. आवृत्तीचा क्रमांक, काय करताना बिघडले, काय गेले, हे क्रमाने लिहा. थोड्यांची तक्रारही खरी असू शकते. ती नेमकी लिहिणे आपल्या हाती आहे.