शौचालय झालं, पण खड्डा कुठे खणला?

2014 पासून स्वच्छ भारत मिशनमधून गावोगावी शौचालयं झाली, अनेक कुटुंबांना 12 हजारांचं अनुदान मिळालं. वरचं भांडं आणि दरवाजा सगळ्यांना दिसतो. खाली जमिनीत काय बांधलंय हे मात्र घरातल्या फार थोड्यांना सांगता येतं, आणि विहिरीच्या पाण्याचं बरंवाईट तिथेच ठरतं.

कोकणातला एखादा मोहल्ला घ्या. घराला घर लागून, परसात विहीर, दहा पावलांवर शेजाऱ्याचं शौचालय. जमीन जांभ्याची, म्हणजे भेगाळ. तिच्यातून पाणी भरभर खाली जातं, मातीतून जसं गाळलं जावं तसं गाळलं जात नाही. अशा ठिकाणी "एकच खोल खड्डा मारा, वीस वर्षं बघायला नको" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. खड्डा जितका खोल तितका तो पावसाळ्यातल्या भूजलाच्या जवळ. शिवाय भरल्यावर तो उपसायचा कोणी? मैला उपसणारी गाडी बोळात शिरत नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आत साचलेल्या वायूने माणसं मरतात.

त्यापेक्षा दोन उथळ खड्डे बरे. पाच-सहा माणसांच्या घराला साधारण एक मीटर रुंद आणि तेवढाच किंवा थोडा जास्त खोल खड्डा पुरतो. भिंतीच्या विटांमध्ये फटी ठेवायच्या, तळाला सिमेंट करायचं नाही. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो भरायला काही वर्षं लागतात. मग चेंबरमधून पाणी दुसऱ्याकडे वळवायचं आणि पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा. त्यात कोरडं, वास नसलेलं खत तयार होतं, घरचा माणूस फावड्याने काढू शकतो. मैल्याचं खत करण्याची कल्पना कोकणाला नवी नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी असे संडास फार पूर्वीच करून दाखवले होते.

विहिरीपासून किमान दहा मीटर अंतर हवं, जांभ्यात त्याहून जास्त. खड्ड्याचा तळ पावसाळी भूजलाच्या दोन मीटर वर राहायला हवा. जास्त उताराचं ग्रामीण भांडं बसवलं तर दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. अंघोळीचं, वुजूचं पाणी या खड्ड्यात सोडू नका, ते परसातल्या झाडांना द्या.

ज्यांचा खड्डा आधीच विहिरीजवळ आहे, त्यांनी पावसाळा सुरू झाल्यावर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे पाणी तपासायला सांगावं. तपासणीच्या बाटलीत भरलेलं पाणी एक-दोन दिवसांत काळं पडलं, तर ते उकळल्याशिवाय पिऊ नका, आणि लहान मुलांना तर अजिबात देऊ नका.