पेटनच्या चित्रातलं दार

१८५८ साली लंडनच्या रॉयल अकादमीत जोसेफ नोएल पेटन या स्कॉटिश चित्रकाराचं ‘इन मेमोरियम’ हे चित्र लागलं. अंधाऱ्या खोलीत इंग्रज बायका आणि मुलं एकमेकांना बिलगून बसली आहेत, एकीच्या हातात बायबल आहे, सोबत एक हिंदुस्थानी आयाही आहे आणि मागच्या दारातून बंडखोर शिपाई आत घुसताहेत. कानपूरच्या बिबीघरात सुमारे २०० इंग्रज बायकामुलांची कत्तल होऊन जेमतेम वर्ष होत होतं, त्यामुळे पाहणाऱ्यांना हे सोसवेना. टीका इतकी झाली, की पेटनने शिपाई पुसून त्याच दारात सुटकेला आलेले स्कॉटिश हायलँडर सैनिक रंगवले. बायका त्याच, बायबल तेच. दारातली माणसं तेवढी बदलली आणि मरणाचं चित्र सुटकेचं झालं. १८५७ची अशी चित्रं आपल्याकडे आजही प्रसंगाचा दाखला म्हणून छापली जातात. माझ्या मते ती इंग्लंडला काय बघवत होतं आणि काय नव्हतं, याचा दाखला आहेत.

बिबीघर काही कल्पनेतलं नव्हतं, असं यावर कुणी म्हणेल. ते खरंच आहे, आणि नानासाहेबांचा अभिमान बाळगणाऱ्या मराठी वाचकानेही ते नजरेआड करू नये. पण त्याच कानपुरात नील या इंग्रज सेनाधिकाऱ्याने कैद्यांना आधी बिबीघरातलं रक्त पुसायला लावलं आणि मग फासावर चढवलं, तेही घडलेलंच आहे. चित्रकार एडवर्ड आर्मिटेजने १८५८मध्येच सूड रंगवला. त्यात ब्रिटनचं प्रतीक असलेली ब्रिटानिया तलवारीने वाघ मारते, पायाशी इंग्रज आई आणि मूल मरून पडली आहेत. फासावर गेलेला माणूस कुठेच नाही. माणसाच्या जागी जनावर आलं, की खटल्याचा, पुराव्याचा प्रश्नच उरत नाही.

मग कॅमेऱ्यावर विश्वास ठेवावा का? फेलीचे बेआतोने १८५८मध्ये लखनौच्या सिकंदर बागेचा फोटो काढला. अंगणभर बंडखोरांची हाडं पसरलेली दिसतात. लढाई झाली होती आदल्या नोव्हेंबरात. प्रेतं बहुतेक मातीआड गेली होती, ती फोटोसाठी बेआतोने उघडी करून घेतली, असं जॉर्ज कॅम्पबेल या ब्रिटिश अधिकाऱ्यानेच लिहून ठेवलं आहे. पेटनच्या दारातून हाकललेला शिपाई इथे परत येतो, पण हाडं होऊन. आणि तो तसा चालतो.

रशियन चित्रकार वासिली वेरेश्चागिनने १८८०च्या दशकात शिपायांना तोफेच्या तोंडी देतानाचं चित्र काढलं, तेव्हा इंग्रजांनी बोट ठेवलं ते गणवेशावर: हे तर आजचे गोरे सैनिक, १८५७चे नव्हेत. आक्षेप बिनचूक होता. पण १८७२च्या जानेवारीत, पंजाबातल्या मलेरकोटल्यात, कूका (नामधारी शीख) बंडखोरांना इंग्रजांनी याच पद्धतीने उडवलं होतं, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी वेरेश्चागिन हिंदुस्थानात आला होता.